मोगऱ्यातलं केळं

मोगरा करायला मोगरा लागत नाही, हे आईला पटवता पटवता माझं लग्नाचं अर्धं वय निघून गेलं. राजापेठेतल्या आमच्या घरी शिकवणीचे वर्ग आटोपले की मी कुरिअरने मागवलेल्या, वासाच्या रसायनांच्या इवल्या बाटल्या घेऊन बसायचे. परदेशी महागडे परफ्यूमही अशाच बाटल्यांतून जन्मतात. बेंझाइल ॲसिटेटने मोगऱ्याच्या वासाचा नुसता सांगाडा उभा राहतो, साबणाच्या वडीला येतो तसा. मग त्यात इंडोल टाकायचं. ते नुसतं हुंगलं तर डांबरगोळ्या आणि गोठा एकदमच आठवतात. पण कणभर पडलं की काय सांगू, फूल जिवंत होतं! मला खोलीभर नाचावंसं वाटायचं, आणि मी नाचायचेही.

आधी पाहायला आलेले दोघे नाकाला रुमाल लावून गेले होते. त्यांचं मला काही वाटलं नाही. पण या वेळी अंजनगाव सुर्जीकडचं, केळीच्या बागा असलेलं घर येणार होतं. मुलाशी फोनवर बोलणं झालं होतं आणि त्याचा आवाज माझ्या डोक्यातून जात नव्हता. मला तो हवा होता आणि बाटल्याही हव्या होत्या.

"आज त्या बाटल्याइले हात लावू नको वं," आईने बजावलं. तोवर माझा मोगरा मनगटाला लावून झाला होता. साबणाने घासलं, पण असा जातो होय वास!

मी चहा घेऊन गेले. मुलाच्या वडिलांनी कप उचलला, थांबले, नाक वर केलं.

"केळं पिकून राहिलं कुठंतरी."

"घरात केळं नाही हो," आई म्हणाली.

"मले सांगता? जिनगानी गेली माही केळीत!" त्यांनी दिवाणाखाली वाकून पाहिलं, पडदा सारला आणि थेट स्वयंपाकघरात शिरले. आई मागे धावली. मला हसू आवरेना. बेंझाइल ॲसिटेटमध्ये पिकल्या केळ्याचाही वास असतो, हे मी कसंबसं मुलाला सांगितलं आणि मनगट पुढे केलं.

त्याने वाकून वास घेतला. पुन्हा घेतला. "पयले केळं. मंग मोगरा. फूल कुठं हाये?"

"फूल नाहीच. मी केलं."

तो माझ्याकडे असा बघत राहिला की माझे कान तापले. मी धावत जाऊन इंडोलची बाटली आणली. जे व्हायचं ते आत्ताच होऊ दे म्हटलं. त्याने झाकण उघडून हुंगलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकला.

"हे बी आमच्या घरी आणणार तुमी?"

"सगळ्यात आधी हेच."

त्याने झाकण घट्ट लावलं. "मंग एक आलमारी बनवा लागन."

खरं तर मी लाजायला हवं होतं. मी त्याला आलमारीचं माप सांगितलं.