वानखेडे काकांचे डोळे आणि लख्ख स्क्रीनशॉट

बातमीदाराकडे छापलेल्या बातम्यांपेक्षा न छापलेले किस्सेच जास्त साठतात. आमच्या हिंगोली कार्यालयात तर त्यातले निम्मे एकट्या लॅपटॉपने पुरवले. हसायला येतं म्हणून सांगतोय असं समजू नका. डोकं फिरतं म्हणून सांगतोय!

मुख्यालयाने आमचा जुना लॅपटॉप विंडोजच्या जागी लिनक्स टाकून परत पाठवला. लिनक्सबद्दल तक्रार नाही, मशीन पळायला लागलं. पण उजेड मेला! ब्राइटनेसचं बटण दाबलं की पडद्यावरची पट्टी टोकापर्यंत सरकायची आणि स्क्रीन होती तशीच अंधारी.

त्या लॅपटॉपवर पेपरची पानं तपासायचे आमचे वानखेडे काका. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, निवृत्ती जवळ आलेली. काका मुख्यालयाला फोनवर म्हणाले, "अक्षरं दिसून न्हाई राहिली."

मुख्यालय म्हणालं, "काकांचं वय झालंय!"

तिथून पेटलं.

*

मुख्यालयातल्या आयटीवाल्या साहेबांनी काकांना फोनवर कमांड सांगितली. "आता पासवर्ड टाका."

"टाकून राहिलो. पण काहीच उमटून न्हाई राहिलं."

"उमटत नसतंच. सुरक्षेसाठी."

"काहून? बटण दाबलं तर उजेड न्हाई, अक्षर दाबलं तर अक्षर न्हाई! मग मशीन चालू हाय हे आमी वळखायचं कसं?"

*

कमांड चालली एकदाची. स्क्रीन पांढरीफटक पडली. उजेड तेवढाच, अक्षरं मात्र खडूने लिहून पुसल्यासारखी.

"पांढरी झाली म्हणता? बघा, वाढला ब्राइटनेस!" फोनवर साहेब खूश.

मी फोन हिसकावला. "साहेब, तुम्ही कंदिलाची वात वाढवली नाही. काचेला चुना फासला!"

*

कनेरगाव नाक्यावर खड्ड्यांसाठी रास्ता रोको होता. बातमी तिथूनच पाठवायची होती. भर उन्हात तोच लॅपटॉप उघडला, तर त्यात फक्त माझंच तोंड. ढाबेवाल्याने हळदीचं रिकामं पोतं दिलं. लॅपटॉपसकट डोकं पोत्यात घातलं, घामाघूम होत बातमी टाइप केली आणि तसाच तहसीलदारांची प्रतिक्रिया घ्यायला गेलो.

त्यांनी माझं पिवळंधमक तोंड न्याहाळलं. "व्वा! अक्षता टाकायला कधी यायचं?"

अख्खा रास्ता रोको हसला. खड्ड्यांवरचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही!

*

मग मुख्यालयाने अंधाराचा पुरावा मागितला. "स्क्रीनशॉट पाठवा."

काकांनी पाठवला. आता स्क्रीनशॉट म्हणजे मशीनच्या आतलं चित्र. बाहेरचा उजेड त्यात येणार कुठून? मुख्यालयाच्या चकचकीत स्क्रीनवर तो लख्ख दिसला. उत्तर आलं : 'स्क्रीन उत्तम आहे. वानखेडे यांचे डोळे व्यवस्थापक स्वतः तपासतील. वाचता आलं नाही, तर पानांचं काम काढून घेतलं जाईल.'

भाकरी करपली म्हणून सांगावं, तर ही माणसं पिठाचा फोटो मागवतील!

मी आयटीवाल्याला फैलावर घेतलं, तेव्हा त्याने आवाज खाली आणला. "सर, उजेडाचा ताबा मशीनमधल्या चुकीच्या ड्रायव्हर प्रोग्रामकडे गेलाय. सुरुवातीच्या सेटिंगमध्ये एक ओळ टाकली की काम होतं."

"मग टाकत का नाही?"

"व्यवस्थापक साहेबांची परवानगी लागते."

एक ओळ! आणि तिच्यापायी एका माणसाची आयुष्यभराची नजर खोटी ठरवायला निघाले होते.

*

व्यवस्थापक आले. कडक इस्त्री, सोनेरी चष्मा. सगळं कार्यालय गोळा झालं. लॅपटॉपकडे बोट करून ते म्हणाले, "काका, पहिली बातमी वाचा."

काका उठले, स्वतःची खुर्ची पुढे सरकवली. "आधी तुमी वाचा, साहेब. मंग मी वाचतो."

साहेब बसले. पुढे झुकले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. नाक स्क्रीनला टेकलं. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता.

"लाइट गेली का हो?" साहेबांनी विचारलं.

काकांनी खिशातून डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली काढली आणि हळूच साहेबांपुढे सरकवली.

"दोन थेंब टाका, साहेब. पयल्यांदा जरा झोंबतंय."