दारात उतरलेला खंड्या

आज देवाचे आभार मानायला बसले आणि सासऱ्यांबद्दलच लिहीत गेले.

बाबांनी सगळी नोकरी धावपट्टीच्या टेहळणी मनोऱ्यावर केली. त्यांच्या काळी विमानांना पक्ष्यांची नावं असत. लांब मानेचा बगळा, शेपटीला खाच असलेली घार, पोट सुटलेला मालवाहू पाणकोळी, आखूड शेपटीचा चिमुकला खंड्या. नव्या माणसांना शिकवायला बाबा पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळ्या आकृत्या रंगवत. म्हणत, "रंग बघू नका, नंबर बघू नका. रंग फसवतो. मागे आकाश असू द्या आणि नुसता आकार बघा."

घरातही तीच नावं. मी उंच म्हणून बगळा. धाकटे भाऊजी खंड्या. सासूबाईंनी एकदा हौसेने विचारलं, "आणि मी?"

"पाणकोळी."

"पोटावर जायचं काम नाही हं!" म्हणून त्या दोन दिवस रुसल्या होत्या.

गेल्या वर्षापासून बाबांच्या नजरेचा मधलाच भाग गेला. कडेचं दिसतं, समोरचा चेहरा मात्र पुसल्यासारखा. डॉक्टर म्हणाले, आता आहे ते सांभाळा. मग एके दिवशी विजेचं मीटर बघणारा आला. भाऊजींच्याच अंगकाठीचा. बोळात दिव्याखाली बाबांनी त्याला कडकडून मिठी मारली, "आलास रे!" तो बिचारा म्हणाला, "काका, मी मीटरवाला." आम्ही हसलो. बाबा हसले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी खोली धरली.

अशात भाऊजींचा फोन आला. तीन वर्षांनी घरी येत होते. सासूबाईंना आनंद आभाळाएवढा, पण बाबा मला हळूच म्हणाले, "तो आला की मी झोपलोय म्हणून सांग. पोटच्या पोराला 'कोण' म्हणून विचारायचं का मी?"

मी देवापुढे बसले, पण मागणं काही सुचेना.

भाऊजी यायच्या दिवशी सकाळी मी बाबांच्या खोलीत दिवा लावून गोळ्या द्यायला गेले, तर "कोण?" म्हणाले. गोळ्या देऊन, दिवा मालवून मी गॅलरीचं दार उघडलं. ऊन माझ्या पाठीमागून आत आलं. तेवढ्यात पलंगावरून आवाज, "बगळ्या, चहाचं काय झालं?"

मी जागच्या जागी थांबले. बाबांचंच शिकवणं होतं ते: मागे आकाश असू द्या!

चहा राहिला बाजूला. बाबांची खुर्ची मी ओढत बैठकीत आणली, सदर दारासमोर ठेवली, आतला दिवा बंद केला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पाहुणा काळोखात येणार का?" म्हटलं, "येऊ दे हो. तुम्ही फक्त भाऊजींचं नाव घेऊ नका." बाबांना म्हटलं, "बसून तर बघा. नाही जमलं तर मी सांगते, झोपेतून उठलेत म्हणून." नाइलाजाने बसले. काठीवरची मूठ घट्ट.

भाऊजी दारात आले. वाळलेले, दाढी छातीपर्यंत. क्षणभर मीही ओळखलं नाही. सासूबाईंनी तोंडावर हात दाबून धरला.

बाबांनी मनोऱ्यावर धरत तसा तळहात कपाळाशी धरला. मान जरा तिरकी केली.

"डावा पंख खाली," ते पुटपुटले. "शाळेपासून एकाच खांद्यावर दप्तर. किती ओरडायचो तुला... खंड्या! उतरलास का रे?"

भाऊजी धावत येऊन पायाशीच बसले. "बाबा, एवढ्या दाढीतून ओळखलंत?"

"दाढी? दाढी आहे होय तुला?"

सासूबाई रडता रडता हसायला लागल्या. मी आत जाऊन देवाला हात जोडले. नजर परत दिली नाहीस म्हणून तक्रार नाही रे. दार नेमकं पूर्वेला दिलंस, पुष्कळ झालं.

खुर्ची आता तिथेच असते. येणारा प्रत्येक जण दारात जरा थबकतो. आज मीटरवालाही थबकला. बाबा म्हणाले, "ये ये, तुला मिठी मारून झाली आहे."