होकाराची भीती

दुबईच्या खाडीवरून दुपारी येणारा वारा म्हणजे सुक्या मासळीचा दर्प, तापलेल्या वाळूची धग आणि आमच्या इस्पितळातल्या फिनेलचा उग्र वास यांचं अजब मिश्रण! साठच्या दशकात मी तिथे परिचारिका होते, आणि त्या वाऱ्यात बसून आम्ही मंडळी परक्यांच्या जगण्या-मरण्याची निर्विकारपणे चर्चा करत असू.

जैनबखाला मूळची रत्नागिरीची. तिला स्तनाचा कर्करोग होता, आणि आमचे उपाय संपले होते. मुंबईच्या एका रुग्णालयात नव्या औषधाची चाचणी चालू होती. पण त्यासाठी लग्नाच्या वयाच्या दोन लेकींना इथे सोडून तिने महिनोन्महिने तिकडे राहायला हवं होतं. गुण येईल की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तेच तर पाहायचं होतं. आमचे इंग्रज साहेब म्हणत, विचारूच नका, थकल्या जिवाला कशाला छळता? मला वाटे, नुसतं विचारायला काय हरकत आहे? तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर कर्णिकांची अडचण मात्र निराळीच. दर ईदेला त्यांनी खालाच्या हातची सांदणं खाल्लेली. "मी विचारलं तर ती भिडेखातर हो म्हणेल," ते म्हणाले. "तो होकार माझा असेल, तिचा नव्हे. सिस्टर, तुम्ही विचारा." भीड ही भिकेची बहीण म्हणतात, इथे तर ती जिवावर उठायची! केवढा हा सूक्ष्म विवेक, असं वाटून मला त्यांच्याविषयी आदर दाटून आला.

मी विचारलं. खालाने सगळं ऐकून घेतलं. "डाक्तर काय बोलतात?" ते काही बोलणार नाहीत म्हटल्यावर ती भडकलीच. "वा गं वा! माझ्या घरी जेवताना तोंड चालतं, आणि मी मरायला टेकले तर मुके? बोलव त्यांना!"

डॉक्टर येऊन खाटेशी बसले. औषधाचं सारं त्यांनी त्रासासकट समजावलं, आणि मान खाली घालून म्हणाले, "खाला, गुण येईल की नाही, मला खरंच माहीत नाही. तुम्हाला वाटेल ते करा."

"मग नाही जायचं," ती अगदी मोकळेपणाने म्हणाली. "लेकींजवळ राहते. खलास."

रुग्णाचा निर्णय रुग्णानेच घ्यावा, असं आम्ही वैद्यकातली माणसं किती सहज म्हणतो! पण ते म्हणताना आपल्या मनात उत्तर आधीच ठरलेलं असतं का? डॉक्टर व्हरांड्यात कठडा धरून उभे होते. डोळे भरले होते त्यांचे.

"सिस्टर," ते म्हणाले, "पुन्हा एकदा विचारून बघता?"