चौदा कुड्यांचा वाफा

नवापूरला भाच्याचं लग्न उरकून धनुबाई आठ दिवसांनी घरी आली, ती पिशवी ओट्यावर टाकून थेट परसात गेली. लसणाच्या वाफ्यात तिनं बोट खुपसलं. माती ओली होती.

होळीनंतर या लसणाला थेंबभर पाणी नको असतं. माना मऊ पडून आपोआप आडव्या होतात, मग तो काढायचा, सावलीत सुकवायचा आणि पातीची वेणी घालून चुलीवर टांगायचा. हा तिच्या आईचा लसूण, चाळीस वर्षं वेणीतून वाफ्यात नि वाफ्यातून वेणीत आलेला. बाजारातला लसूण तिच्या लेखी लसूणच नव्हे. गेल्या वर्षी ती दवाखान्यात असताना नव्या सुनेनं, शीलानं, बियाण्याची अख्खी वेणी लोणच्यात घातली. एक गड्डा तेवढा चुलीमागे पडलेला सापडला. त्याच्या चौदा कुड्या, तीच ही चौदा रोपं. तेव्हापासून धनुबाई सुनेशी कामापुरतंच बोलायची. स्वभावाला औषध नाही म्हणतात ते उगीच नाही.

"पानी कोन दिधं व?"

शीला तांब्या घेऊनच दारात आली. "मी, आत्याबाई. पानं पिवळा पडनात, माना टाक्यात. माले वाटनं, मरी ऱ्हायना. रोज दोन येळा दिधं."

आता थांबून चालणार नव्हतं. धनुबाई खुरपं घेऊन बसली. पहिला गड्डा बोटांत पचकन दबला. दुसऱ्याचं साल फाटून कोंब आले होते. तिसरा काळा. चौथा, पाचवा, सहावा, सगळे तसेच. शीला तोंडाला पदर लावून उभी होती. दहावाही कुजका निघाला तेव्हा धनुबाईला वाटलं, आपली आई आज दुसऱ्यांदा गेली.

"इतलं बी माहीत नही तुले? लसूण मान टाकस तवय मरत नही, पिकस!"

"कोन्ही सांगंच नही," शीला हळूच म्हणाली. "तुम्ही जाताना म्हनात, ध्यान ठेवजो. मी ठेवं."

खुरपं थांबलं. खरंच होतं ते. आईनं धनुबाईला शेजारी बसवून सगळं शिकवलं होतं, आणि तिनं मात्र वर्षभर सुनेला वाफ्याजवळ फिरकू दिलं नव्हतं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

बांधालगतच्या उंच मातीत चार रोपं उरली होती. एक गेलं. तीन गड्डे घट्ट, पांढरे निघाले.

ते सुकल्यावर तिनं शीलाला चुलीजवळ बसवलं. वेणीला तीन पेड लागतात, गड्डेही तीनच होते. तिनं सुनेची बोटं धरून पहिली गुंफण घालून दिली, बाकीच्या शीलानं घातल्या. वेणी झाली वीतभर, लहान पोरीच्या वेणीएवढी. शीलानं ती सासूपुढे धरली, तर धनुबाईनं हात मागे घेतला.

"तूच टांग," ती म्हणाली. "आते हाई बियानं तुन्हं शे."