वरच्या बिऱ्हाडाचे पडदे

खाली नवरा-बायकोचं भांडण जुंपलं होतं आणि वर पडदेवाली हातात कात्री धरून जागच्या जागी उभी राहिली होती. मधली जमीन लाकडी, फटी चांगल्या बोटभर. खालचं बोलणं वर यायला कुणाची परवानगी लागत नसे.

“दिवसभर टक टक टक! माझं डोकं आहे का ढोल?” घरमालक ओरडत होते. “पुढच्या महिन्यात तिला निघायला सांगतो.”

“सांगा की. मग तुम्ही ऑफिसला गेलात की मी भिंतींशी बोलत बसते,” मालकीणबाई म्हणाल्या. “अहो, वर मशीन चालतंय म्हणून तर घरात कुणी आहेसं वाटतं. मी आहे तोवर ती वर राहील. तुम्हाला त्रास होतोय ना, कानात कापूस घाला.”

मालकांनी कापूस घातला की नाही ते त्यांनाच ठाऊक. पडदेवालीने मात्र त्याच संध्याकाळी एक जुनं पांघरूण चौपदरी घडी करून मशीनच्या पायांखाली सारलं. आपण काही ऐकलंय हे तिने पुढे कधी कुणाला कळू दिलं नाही.

त्याला सव्वीस वर्षं झाली. मधल्या काळात मालक गेले, पाठोपाठ पडदेवालीचा नवरा गेला, आणि मागच्या वर्षी मालकीणबाईही गेल्या. इतकी वर्षं ती वर राहिली ती त्यांच्या त्या एका वाक्यावर. कागदपत्र वगैरे भानगड त्या घरात कधी नव्हतीच. आता बाई नाहीत म्हटल्यावर वाक्यही गेलं.

घर आलं मालकांच्या पुतण्याकडे. माणूस वाईट नव्हता. दोन बिऱ्हाडांचं ते अरुंद, उंच घर, शेजारच्या घरांना खांदा लावून रांगेत उभं. त्याने ठरवलं, नीट दुरुस्त करून विकायचं. मग गवंडी आले, सुतार आले, रंगारी आले. जिन्याचा कठडा खरवडला तर सहा रंगांच्या खाली तांबूस लाकूड निघालं, इतकं देखणं की सुताराने बायकोला फोन करून सांगितलं. पडदेवाली त्या धुरळ्यातच राहत होती. कापडाच्या गुंडाळ्यांवर चादरी टाकायची, सकाळी झटकायची, दुपारी पुन्हा झटकायची. घराला तारुण्य आलं. तिच्या गुडघ्यांसाठी मात्र कुणी रंगारी आला नाही.

तिला जायचं नव्हतं, आणि त्याला कारण होतं. त्या गल्लीत जगातल्या निम्म्या भाषा नांदत होत्या. शेजारचा न्हावी एका मुलखाचा, समोरचा पाववाला दुसऱ्याचा, कोपऱ्यावरची नर्स भलत्याच तिसऱ्या मुलखाची. पण खिडकीचं माप सगळे सारखंच सांगायचे, दोन्ही हात पसरून. कुणाची खिडकी किती रुंद, कुणाला उजेड खुपतो, कुणाला शेजारीण खुपते, हे सगळं तिला तोंडपाठ. पासष्टाव्या वर्षी दुसरीकडे जाऊन नवी गिऱ्हाइकं कुठून आणायची?

बहीण फोनवर म्हणायची, “ये ना ताई माझ्याकडे. फक्त दुपारचं ते मशीन नको चालवूस, ह्यांची झोप मोडते.”

“मग काय कपाटात ठेवून त्याच्याकडे बघत बसू?”

“बघ बाई, तुझं तू.”

एक दिवस पुतण्या वर आला आणि दारातच घुटमळला. “मावशी, खालच्या खोल्यांना पडदे करून द्याल? लोक घर बघायला यायचेत. बोडक्या खिडक्या बऱ्या नाही दिसत.”

“देईन. आणि वरच्या बिऱ्हाडाचं काय?”

तो बुटाच्या नाडीकडे बघू लागला. “घेणारा ठेवणार असेल तर राहा की. मी शब्द टाकीन. माझ्या हातात काय आहे?”

“घर आहे की, बाळा,” ती म्हणाली.

तो ओशाळून हसला आणि खाली गेला. तिने पडदे केले. वाईट करायचे असं एकदा मनात आलंही होतं, पण वाकडी कात्री चालवायची म्हटली तरी हाताला सवय हवी ना!

लोक येत गेले. कुणी जिन्यावरूनच परतले, कुणी मधली जमीन फोडून उंच दिवाणखाना करायच्या गोष्टी करू लागले. दर वेळी खाली पावलं वाजली की ती मशीन थांबवायची, आणि माणसं निघून गेली की पुन्हा चालू करायची. महिनाभर हेच. माणूस एवढ्यानेही दमतं.

मग त्या दोघी जावा आल्या. एका स्वयंपाकघरात बारा वर्षं काढून आता वेगळं व्हायला निघाल्या होत्या, पण नवरे भाऊ-भाऊ, त्यांना लांब जायचं नव्हतं. पुतण्याला खाली ठेवून दोघी वर आल्या. थोरली पडदेवालीसमोर खुर्ची ओढून बसली.

“मावशी, तुम्ही इतकी वर्षं इथे आहात. खरं सांगा, घराला खोट काय?”

पडदेवालीने मशीन थांबवलं. “इथल्या मागच्या खोलीचा कोपरा पावसात ओल धरतो. दर वर्षी. आता वरून गिलावा केलाय म्हणून दिसत नाही.”

बोलली ते खरंच होतं. पण खरं बोलल्याचं पुण्य काही तिला नको होतं. या दोघींनी उठून चालू लागावं, एवढंच हवं होतं.

थोरली धाकटीकडे वळली. “ऐकलंस? ओलीची खोली वर आहे. वरचं तू घे.”

“मी का? मला सर्दीचा त्रास.”

“आणि मला गुडघ्यांचा. जिना कोण चढणार?”

“माझ्या लग्नात नाचताना बरे होते गुडघे!”

“बारा वर्षं झाली त्याला!”

दोघी हमरीतुमरीवर आल्या, आणि पडदेवालीच्या ध्यानात आलं की घर विकलं गेलं. खोल्यांची वाटणी चाललीय म्हणजे बाकी सगळं ठरलं.

तरी तिने विचारून घेतलं. “म्हणजे दोन्ही मजले लागणार तुम्हाला?”

थोरलीने भांडण तिथेच सोडलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, “दोन बिऱ्हाडं आहोत ना मावशी आम्ही. दहा घरं पाहिली, खोट सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच. ओल काय, काढता येते.”

जाता जाता धाकटी जिन्यातून परत वर आली. “खालच्यासारखेच पडदे इथेही हवेत मला. तुम्हीच कराल ना?”

नाही म्हणता आलं असतं. “कापड कुठलं हवं?” असं तिने विचारलं. माप घ्यायचं कारणच नव्हतं.

सामान बहिणीकडे निघालं त्या सकाळी तिने ते पडदे चढवले, खालची दुमड मोठ्या टाक्यांनी नुसती अडकवून ठेवली आणि किल्ली पुतण्याच्या हातात दिली. नवं कापड टांगलं की आपल्याच वजनाने खाली उतरतं. आठ दिवस लोंबू द्यायचं, मगच पट्टी शिवायची. घाई केली तर पडदा महिन्याभरात जमिनीवर लोळतो. “पुढच्या मंगळवारी येते,” तिने धाकटीला सांगून ठेवलं.

मंगळवारी दोन बस बदलून ती आली आणि गिऱ्हाइकाच्या दारावर वाजवावं तसं तिने दार वाजवलं. खोलीभर खोकी. मशीनच्या जागी जेवणाचं टेबल आलं होतं.

“बसा मावशी, चहा टाकते.”

“आधी काम होऊ दे.”

ती जमिनीवर बसली. कच्चे टाके उसवले, टाचण्या दातांत धरल्या. जमीन खिडकीकडे जराशी उतरती, म्हणून डावीकडे बोटभर कापड जास्त सोडायचं, तरच पडदा सरळ दिसतो. तसं सोडलं. चार खिडक्यांना दुपार झाली. मग खिडकीच्या चौकटीला धरून ती उठली, पडदे एकदा ओढून, एकदा सारून पाहिले, जमिनीवरचे दोरे वेचून पिशवीत टाकले आणि चहा उभ्यानेच प्यायली.

“पहिल्यांदा धुवाल तेव्हा गार पाण्यात हं,” तिने सगळ्यांना सांगायची तसंच सांगितलं, आणि कठडा धरून एकेक पायरी उतरत बस गाठायला निघाली.