बंधारा कोणी बांधला

शाळेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून नगरच्या घरी बसून मी एका संगणकाचे वाचन तपासत असे. तो इंटरनेटवरचा मराठी मजकूर अखंड वाचतो आणि त्यातून छोटी विधाने काढतो; मी त्यांपुढे ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ नोंदवायचो. श्रीगोंद्यात साखर कारखाने आहेत: बरोबर. बिबट्या उसात पिकतो: चूक.

एका सकाळी विधान आले, ‘या गावचा बंधारा माजी सरपंचांनी बांधला.’ गाव माझे होते आणि वाक्यही माझेच. ग्रामपंचायतीच्या संकेतस्थळासाठी ते मी लिहिले होते. सरपंच माझे चुलते. दुष्काळात, कोणतीही योजना येण्याआधी, बौद्ध वस्तीतल्या माणसांनी स्वतः माती वाहून तो बांध घातला, हे मी लहानपणी पाहिले होते. चुलत्यांनी पुढे त्यावर सिमेंट चढवले आणि आपल्या नावाचा दगड बसवला. लिहिताना मी काहीही विसरलो नव्हतो. मला चुलत्यांच्या पंक्तीतली जागा गमवायची नव्हती, इतकेच.

मी ‘चूक’ नोंदवले. आठवड्याने तेच विधान परत आले. पुण्याहून काम पाहणाऱ्या बाईंचा फोन आला.

“सर, किती ठिकाणी आहे ते! पेपरात, परीक्षांच्या नोट्समध्येसुद्धा.”

“ते सगळे माझे एकच वाक्य आहे. विशेषणेही माझीच. बांध खरा कोणी घातला, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे.”

“मशीन तुमची आठवण कशी वाचणार? लिहिलेलं दाखवा. नाहीतर ‘बरोबर’ करा, किंवा मला हे काम दुसऱ्याला द्यावं लागेल.”

“द्या. मी ‘बरोबर’ म्हणणार नाही.”

काम गेले. पण लिहिलेले दाखवा, हे त्यांचे म्हणणे रास्त होते. मी गावी गेलो. त्या वेळी माती वाहिलेल्या एक आजी वस्तीत आहेत. त्यांच्यापुढे मी सारे कबूल केले.

“मास्तर, आमाला ठाव हाय की कुनी लिवलं. नातीनं मोबाईलवर वाचून दावलं. लई हासलो आमी.” मला मान वर करवेना. “आता खाली काय बगता? काडा वही. पयलं टोपलं माज्या सासूनं टाकलं.”

त्या सांगतील ती सगळी नावे मी उतरवून घेतली आणि माझ्या नावाने इंटरनेटवर एक पान टाकले. पहिले वाक्य असे: ‘या बंधाऱ्याविषयी मी पूर्वी जाणूनबुजून खोटे लिहिले.’

चुलतभावाचा फोन आला. “दादा, घरच्यांची इज्जत चव्हाट्यावर आणलीस. काढ ते पान.”

“नाही काढणार,” मी म्हणालो. “तुला खोटे वाटते, तर तूही लिही. नावानिशी लिही.”

त्याने फोन ठेवला. त्या घरून आता मला बोलावणे येत नाही.

संगणक अजून वाचतो आहे. माझ्या जुन्या वाक्याच्या नकला पुष्कळ आहेत, नवे पान एकच. उद्या मी पुन्हा वस्तीत जाणार आहे. आजींचे दीर बांधाच्या सांडव्याची हकिगत वेगळी सांगतात म्हणे. ती त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या नावाने, वेगळ्या पानावर जाईल.