पुढच्याच गिअरांचा ड्रायव्हर

चंपतराव गाडी चालवायला शिकला तेव्हा त्याच्याखाली गाडी नव्हती. भैंशाच्या बसस्टँडमागे गोपाळरावानं टिनाच्या शेडमध्ये व्हिडिओ गेमचं दुकान टाकलं, ते सत्त्याण्णव साल. त्यानं हैदराबादहून एक जुनं मशीन आणलं होतं. त्याला फाटकी सीट, स्टिअरिंग, पायाशी दोन पेडल आणि हाताशी गिअरची दांडी. पडद्यावर शहरातला रस्ता आणि एक लाल मोटार. बाकीच्या मोटारी मागे टाकून पहिलं यायचं. एवढाच उद्योग.

चंपतराव तेव्हा पस्तिशीचा. गावाकडचं शेत त्यानं भावाच्या गळ्यात घातलं होतं, कारण नांगर धरला की त्याची कंबर धरायची. भैंशात तो काय करत होता, हे त्यालाही नीट सांगता येत नसे. त्याची बायको बयनाबाई आमच्या जिनिंगमध्ये कापसातला काडीकचरा वेचायची. मी तिथंच हमाल. टोपली, पोतं, गाठ, जे समोर येईल ते उचलायचं.

त्या फाटक्या सीटवर चंपतरावाची कंबर कधी धरली नाही. सकाळी बसला की करंट जाईपर्यंत उठायचा नाही. बसण्याआधी स्टिअरिंग रुमालानं पुसायचा. आम्ही गाठींवरचा हात जेवायच्या आधीसुद्धा एवढा पुसत नव्हतो.

एक गोष्ट मान्य करतो. मेहनत त्यानं केली. पडद्यावरच्या शहरात पुलाखाली एक वळण होतं. तिथं सगळेच भिंतीवर जाऊन आदळायचे. चंपतरावानं त्या एका वळणावर महिना घातला. तेवढा महिना शेतात घातला असता तर भाऊ त्याच्या पाया पडला असता.

वळण सुटलं आणि तो गुरुजी झाला. लोकांच्या खुर्चीमागे उभा राहून शिकवायचा.

"ब्रेक वळणाच्या आधी दाबायचा, वळणात नाही. वळणात दाबला का गेला तू."

"गेलो ना, चंपतभाऊ."

"मंग! आधी बाहेरून ये. रस्त्याच्या पार काठानं. मंग आतला कोपरा घासून काढ आन् पुन्हा बाहेर सोड. धुऱ्यावर बैल कसे वळवते? आतला रोखायचा, बाहेरचा हाकायचा. तसंच."

बैल कसे वळवतात हे तो असं सांगायचा, जणू जन्मभर वळवत आला होता. त्याच्या भावानं हे ऐकलं असतं तर बैल टोचायची तुतारी तिथंच त्याच्यावर उगारली असती.

दुसरा धडा वाऱ्याचा. पुढच्या मोटारीच्या अगदी शेपटीला लागायचं. ती वारा कापते, आपल्याला फुकटचा वेग मिळतो. मग ऐन वेळी बाजूनं निघायचं. हे खरं आहे हे दाखवायला त्यानं एकदा निर्मलच्या बसमागे सायकल लावली. वेग मिळाला. घरी पोचला तेव्हा त्याचे फक्त दात पांढरे होते. बयनाबाईनं त्याला ओळखलं, पण आत घ्यायला वेळ लावला.

त्या दसऱ्याला दोन गोष्टी झाल्या. बयनाबाईचा खोकला वाढला. सरकी काढायची यंत्रं, म्हणजे रेचे, चालू झाले की शेडमध्ये कापसाची तुसं उडतात. ती तिच्या छातीत बसली होती. डॉक्टरनं सांगितलं, शेड सोडा, नाहीतर दमा कायमचा. आणि त्याच आठवड्यात जिनिंगच्या शेटचा जीप-ड्रायव्हर नोकरी सोडून गावी गेला.

बयनाबाईनं हिशेब सरळ केला. नवऱ्याला जीप मिळाली तर ती शेडमधून सुटणार होती. ती मॅनेजर व्यंकटरावांकडे स्वतः गेली.

"साहेब, आमच्या घरचे गाडी चालवतात."

"कोणती?"

"लाल," ती म्हणाली. तिनं एकच पाहिली होती.

व्यंकटराव हसले, पण माणूस मनाचा बरा होता. ट्रायलला पाठव म्हणाले. गोपाळरावाच्या मेव्हण्याची जीप होती. त्यानं चंपतरावाला दोन सकाळी बाजार समितीच्या मोकळ्या मैदानात फिरवलं. क्लच समजला. गोल गोल, पुढे पुढे. चंपतराव म्हणाला, बस झालं, बाकी मला येते. लायसनसुद्धा कुठूनसं आलं.

ट्रायल कापसाच्या ऐन मोसमात झाली. आम्ही गेटवर गाठी लावत होतो. चंपतराव इस्त्रीचा शर्ट घालून आला. स्टिअरिंग रुमालानं पुसलं. व्यंकटराव शेजारी बसले. बयनाबाई शेडच्या दारात तोंडावरचा फडका खाली करून उभी राहिली.

खरं ते लिहितो. जीप छान निघाली. गेटबाहेरचं वळण त्यानं बाहेरून घेतलं, आतला खांब अंगठाभर सोडून काढला आणि पुन्हा बाहेर आला. व्यंकटरावांनी मान डोलावली. आमचा मारोती हमाल म्हणाला, "बयनाबाई, सुटली वं तू." फडका तिनं कमरेला खोचला.

पुढे बाजाराची गल्ली लागते. दोन्हीकडे भिंती, मध्ये एका गाडीपुरती वाट. समोरून माणिकराव नावाच्या म्हाताऱ्याची बैलगाडी आली, कापसानं शिगोशीग भरलेली. तिच्यामागे आणखी गाड्या.

आमच्याकडे रीत आहे. भरली गाडी मागे सरत नाही. बैल मागे रेटले तर जू मानेवर चढतं, गाडी आडवी होते, कापूस मातीत जातो. म्हणून मोटारीनं मागे जायचं, मग आत कलेक्टर का बसलेला असेना. यावर भैंशात कोणी वाद घालत नाही.

"मागे घ्या," व्यंकटराव म्हणाले.

चंपतरावानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोर पाहत राहिला.

"ए भाऊ, घे ना मांगं," माणिकराव ओरडला. "बैल उभे हायेत माहे."

"तुमीच जरा बाजूला घ्या ना, बाबा."

"कोठं घेऊ? भितीत?"

मागच्या गाडीवाल्यानं विचारलं, "काऊन थांबला गा?"

"एक मोटारवाला बसून राह्यला. पूजा करून राह्यला वाटते."

चंपतरावानं दांडी हलवली. एकदा इकडे, एकदा तिकडे. क्लच सोडला. जीप हातभर पुढे उडाली आणि बैलाच्या तोंडाशी बंद पडली. बैलानं बॉनेट हुंगलं. चंपतराव हात सोडून बसला. गेममध्ये धडक बसली की मशीनच मोटार उचलून रस्त्यावर सरळ ठेवून देतं. तो बहुधा त्या मशीनची वाट पाहत होता.

मशीन आलं नाही. आम्ही गेलो. गेटवरच्या सगळ्या हमालांना हाक पडली. बॉनेटला खांदे लावून आम्ही जीप पूर्ण गल्लीभर मागे रेटली. उन्हात, चढावर. चंपतराव आत बसून आम्हाला शिकवत होता.

"डावीकडून जोर लावा. डावीकडून! आता सोडा."

"तू उतर बे," मारोती म्हणाला. "तेवढं वजन तरी कमी होईल."

तो उतरला नाही. ड्रायव्हर उतरत नसतो, म्हणाला.

गेटपाशी व्यंकटरावांनी विचारलं, "रिव्हर्स येत नाही तुम्हाला?"

"त्याच्यात रिव्हर्स नसतेच, साहेब. शर्यतीत मांगं कोण जाते?"

"शर्यत कोणी लावली? शेटच्या सासूबाईंना बासरच्या स्टेशनावर सोडायचं आहे."

"एक आठवडा द्या. मशीनवर..."

"मशीनवर कसं शिकाल? त्यात नाही म्हणता ना?"

यावर चंपतरावानं जीपच्या गिअरमध्ये दोष आहे असं सांगायला सुरुवात केली. व्यंकटराव ऑफिसात निघून गेले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या कुभीर गावचा एक माणूस जीपवर लागला. तो वळणं वाईट घ्यायचा. पण मागे जायचा.

त्या दिवशी व्यंकटराव आत गेले तरी बयनाबाई दारातून हलली नव्हती. तिला खोकला आला, तो तिनं पूर्ण होऊ दिला. मग ती मुकादमाकडे गेली. मुकादम सुधाकरराव तिथंच हसत उभा होता.

"उद्यापासून माह्या जागी हे येतील," ती म्हणाली.

"कोण, चंपतराव? वेचायला?"

"वेचायला नाही. टोपली उचलायला. मी नाही येत आता."

"बाई, त्याची कंबर धरते म्हणतात."

"दिवस दिवस त्या खुर्चीत बसून धरली नाही. आता कशी धरते पाहू."

"अगं, पण मी..." चंपतराव म्हणाला.

"तुमी बोलू नका. उद्या या, नाहीतर घरी येऊ नका. चूल मी पेटवत नाही."

तो आला. इस्त्रीचाच शर्ट घालून आला, दुसरा धुतलेला नव्हता. ढिगापासून रेच्यापर्यंत कापसाची टोपली न्यायची, ओतायची, परत यायचं. दुपारी तो भिंतीला टेकून वेचणाऱ्या बायांना सांगत होता की टोपली घेऊन खांबाला वळताना बाहेरून यावं, म्हणजे पाय वाचतात. बाया फडक्याआड हसत होत्या. सुधाकररावानं त्याच्यासमोर भरलेली टोपली आणून ठेवली आणि तिथंच उभा राहिला. चंपतरावानं ती उचलली. वळण बाहेरूनच घेतलं. थोडं सांडलं.

बयनाबाई घरी राहिली. पावसाळ्याआधी तिचा खोकला बराच बसला. चंपतराव मोसमभर टिकला, आणि लोक अजून सांगतात की बायकोसाठी त्यानं टोपली उचलली. उचलली, अर्धी भरून. बाकीची अर्धी होळीपर्यंत मी आणि मारोती उचलत होतो.